प्रश्न क्रमांक चौदा

मॉरीन थॅकवेल या इंग्रज बाईंनी बासष्ट वर्षांत दोनशे बारा प्रेमकादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या एकसष्ट अरबस्तानच्या वाळवंटात घडतात. बाईंनी मात्र वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं ग्रिम्सबी हे मासळीबंदर सोडून त्या आयुष्यात चारदा लंडनला गेल्या आणि चारही वेळा संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. वाळूचा वास, खजुराचा हंगाम, बड्या घरातली बायकांची बैठक, हे सगळं गेली अकरा वर्षं त्यांना अरबस्तानातल्या दम्माम शहरातून पुरवलं जात होतं. पुरवणारी होती विद्या करंदीकर. मूळची नाशिकची, दम्माममधल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवणारी.

सुरुवात एका चुकीपासून झाली. फायनल एक्झिट घेऊन कायमच्या केरळला निघालेल्या एका बाईंनी पुस्तकांचं खोकं स्टाफरूममध्ये ठेवून दिलं. त्यात थॅकवेलबाईंची एक कादंबरी होती. तिच्यात नायक जेद्दाहून सूर्यास्ताला नायिकेला उंटावर घेतो आणि पहाटे दम्मामला उतरवतो. विद्यानं त्या ओळीखाली लाल रेघ मारली. एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही, म्हणून तिनं प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र लिहिलं: अंतर तेराशे किलोमीटर आहे, महिना तरी लागेल, आणि तोही उंटाची तब्येत चांगली असेल तर.

तीन आठवड्यांनी टाइप केलेलं उत्तर आलं. “तुमचं बरोबर आहे. माझ्याजवळ शाळेतला नकाशा आहे. त्यात ही दोन गावं माझ्या करंगळीएवढी लांब आहेत. पुढच्या पुस्तकासाठी थोडे प्रश्न पाठवू का?”

बाईंची कामाची रीत पक्की होती. एका पुस्तकाला बारा आठवडे. त्यांतले सात आठवडे प्रश्न विचारायला आणि पाच लिहायला. प्रश्नांना क्रमांक घातलेले असत. प्रकाशकाकडची एक मुलगी ते ईमेलनं पाठवी आणि विद्याच्या उत्तरांची प्रिंट काढून बाईंना पोचवी. हुफूफच्या बागांत खजूर पिकायला कधी लागतो? मोलकरीण मालकिणीला काय म्हणून हाक मारते? धुळीचं वादळ येण्याआधी आकाश कुठल्या रंगाचं होतं? विद्या एकेका प्रश्नाला अर्धं पान लिही. दम्मामची हवा कोरडी नसते, हे बाईंना पटवायलाच तिला दोन पुस्तकं लागली. उन्हाळ्यात एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचा दुधाळ होतात, हे तिनं लिहिलं, तेव्हा पुढच्या कादंबरीतल्या इंग्रज डॉक्टरला ताबडतोब चष्मा लागला.

उत्तरं आठवड्याभरात स्कॅन होऊन परत येत. समासात लाल शाईनं दहापैकी गुण घातलेले असत. विद्या बावीस वर्षं दुसऱ्यांना गुण देत आली होती. तिला गुण देणारं आता कोणी उरलं नव्हतं.

“आला का पेपर?” जुबैलच्या कारखान्यातून घरी आल्यावर तिचा नवरा चारुदत्त विचारी. “किती पडले?”

“साडेसात.”

“मग यंदाही बोर्डात येत नाहीस.”

“तुला कुणी साडेसात दिलेत का कधी?”

“मला आमचा कफील-मालक पगार देतो. गुण त्याच्याकडेच राहतात.”

गुणांबरोबर बाईंचं आयुष्यही थोडं थोडं येई. वडील मासळीच्या गोदीत कारकून. सोळाव्या वर्षी जहाजकंपनीत टायपिस्ट. जेवणाच्या सुट्टीत, माल चढवल्याच्या रद्द पावत्यांच्या पाठीवर लिहिलेली पहिली कादंबरी बाविसाव्या वर्षी खपली. पुढची काही वर्षं फक्त डॉक्टर आणि नर्स. मग प्रकाशक म्हणाला, हॉस्पिटलं आता पुरे, वाळवंट चालतंय. त्यांनी शाळेतला जुना नकाशा पेटीतून काढला आणि सोमवारी वाळवंट सुरू केलं. नवरा लेन मासेमारी जहाजावर वायरलेस सांभाळायचा. शेवटची सात वर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याच्या पायगतीला टाइपरायटर ठेवून बाईंनी त्या काळात सव्वीस पुस्तकं लिहिली. एकाच ओळीत त्यांनी हे कळवलं होतं, आणि खाली प्रश्न क्रमांक नऊ होता, ससाण्यांबद्दल. विद्याला त्या बाईंबद्दल फार वाटे. इतकं सोसून इतकं काम करणारं माणूस तिनं जवळून दुसरं एकच पाहिलं होतं, ते म्हणजे खैरुन्निसा.

खैरुन्निसा श्रीवर्धनकडची. नवरा हारून बंदरात क्रेनचा फोरमन. ती घरी बसून भारतीय बायकांचे ब्लाउज, ड्रेस आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे शिवायची. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी शाळेत. मापांची वही ती मराठीतच ठेवी, एका गिऱ्हाइकाला एक पान. तिची मुलगी मेहेक विद्याच्याच शाळेत अकरावीला होती.

दोघींची ओळख मैत्रीत बदलली ती २०१९ साली. त्या वर्षी विद्याचं डावा स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. शाळेत तिनं अपेंडिक्स सांगितलं. खरं चारुदत्तला माहीत होतं, आणि कपडे पुन्हा अंगावर नीट बसवायचे तर खैरुन्निसाला सांगणं भाग होतं. खैरुन्निसानं दार लावलं, नवं माप घेतलं, आणि एक शब्द न विचारता आतून कसं शिवायचं ते समजावलं. मग टेप गळ्यात अडकवून ती समोर बसली.

“तुझं मला कळलं. आता माझं तुला सांगते. फिट्टंफाट झाली म्हणजे तुला माझ्यासमोर लाजायला नको.”

तिचं पहिलं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं होतं. नवऱ्यानं कुवेतमधून फोनवर सोडलं, तेव्हा ती पोटुशी होती. मुलगा झाला, उबेद. भावाला मूल नव्हतं. त्यानं आणि भावजयीनं त्याला आपलं म्हणून वाढवलं. तीन वर्षांनी हारूनचं स्थळ आलं. हारूनला सगळं सांगितलं होतं. त्याची अट एकच: पोर भावाचंच राहील, आणि यावर कुठेही, कधीही बोलायचं नाही. उबेद तिला फुफी, म्हणजे आत्या, म्हणतो. दर उन्हाळ्यात ती गावी जाते, ईदचा कुर्ता शिवायच्या निमित्तानं त्याचं माप घेते, आणि मापाची चिठ्ठी शिलाई मशीनच्या डाव्या ड्रॉवरमध्ये ठेवते. चिठ्ठीवर नाव नाही. तारीख, छाती, बाही, उंची, बस.

“हाताला पोराची बाही लागते ना,” ती म्हणाली, “तेवढीच.”

विद्यानं हे पोटात ठेवलं, पाच वर्षं. चारुदत्तलासुद्धा सांगितलं नाही.

मग दोनशे बाराव्या पुस्तकाची यादी आली. प्रश्न तेरावा होता: समुद्राच्या हवेनं चांदी किती दिवसांत काळी पडते? आणि चौदावा: घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाई काय लपवून ठेवू शकते?

विद्यानं आधी पत्र लिहिलं, औषध लिहिलं, मोबाइलचं दुसरं सिमकार्ड लिहिलं. वाचून पाहिलं तर ते सहा गुणांचं उत्तर होतं. तिनं ते खोडलं. तासाभरात दीड पान भरलं. नाव घातलं नाही, गाव घातलं नाही, ‘माझी एक मैत्रीण’ एवढंच. चिठ्ठ्या, ड्रॉवर, करोनानं खाल्लेली दोन वर्षं, सगळं उतरलं. शेवटी कंसात लिहिलं: हे फक्त तुम्हाला समजावं म्हणून. पुस्तकात कृपया घेऊ नका.

उत्तर आलं. “क्र. १४ : दहा. तुमचं हे पान मी शेकोटीत टाकलं आहे. निश्चिंत राहा.”

अकरा वर्षांतले पहिले दहा. विद्यानं चारुदत्तला ते सांगितलं, कशाबद्दल ते नाही.

एरवी छपाईआधी बाई प्रकरणं तपासायला पाठवत. या वेळी पाठवली नाहीत. तब्येत बरी नाही, प्रकाशक घाई करतोय, असं कळवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईची तब्येत. विद्यानं काळजीचं उत्तर लिहिलं.

पुस्तक जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. आधीच्या वर्षांप्रमाणे बाईंनी वरचं चुंबनाचं चित्र झाकायला विणकामाच्या मासिकाचं कव्हर घातलं होतं. विद्याची आणि मेहेकची पैज असायची, पुस्तकातली पहिली चूक कोण शोधतं याची. यंदा विद्याकडे चाचणीच्या पेपरांचे दोन गठ्ठे होते. तिनं पुस्तक न उघडताच मेहेकच्या हाती दिलं.

“आधी तू वाच. चूक सापडली तर कुनाफा मिठाई माझ्याकडून.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर मेहेक भूगोलाच्या खोलीत आली. खोलीत मुलांनी केलेला अरबी द्वीपकल्पाचा प्लास्टरचा नकाशा होता. त्याच्या काठावर तिनं पुस्तक ठेवलं आणि ती उभी राहिली.

“सापडली चूक?” विद्यानं विचारलं.

“नहीं, मॅम. इस बार सब सही है.”

“मग चेहरा असा का?”

मेहेकनं पान उघडून दिलं. एकशे बेचाळीस. नायिका इंग्रज नर्स, आपलं मूल बहिणीला दिलेली. दर उन्हाळ्यात घरी जाऊन ती शाळेच्या कोटासाठी मुलाचं माप घेते. मापाच्या चिठ्ठ्या शिलाई मशीनच्या डाव्या ड्रॉवरमध्ये. चिठ्ठ्यांत दोन उन्हाळे गाळलेले. विद्यानं पान दोनदा वाचलं. वाक्यं ओळखीची होती. ‘मुलाची बाही हाताला लागते, तेवढीच’ हेसुद्धा होतं. ते तिनंच भाषांतर करून पाठवलं होतं, आणि चांगलं जमलं म्हणून तिला तेव्हा बरं वाटलं होतं.

“ये अम्मी का ड्रॉवर है,” मेहेक म्हणाली. “मी बघितलं. पंधरा चिठ्ठ्या आहेत. दो साल मिसिंग. करोनावाले.”

“मेहेक, शिंपीकाम करणाऱ्या बाईकडे चिठ्ठ्या असतातच.”

“गिऱ्हाइकांचं माप वहीत असतं, मॅम. चिठ्ठीवर नाही. मैंने उबेदभाई को मेसेज किया. तेरी स्लीव्ह कितनी है? त्याने मोजून सांगितलं, चोवीस. लास्ट चिठ्ठीवर चोवीस आहे.”

“त्याला काय सांगितलंस?”

“काही नाही. बोला, क्यों पूछ रही है. मी म्हटलं, ऐसे ही.” तिनं पुस्तक मिटलं. “आपने बताया क्या? या बाईला?”

समोर विद्यार्थिनी उभी होती आणि प्रश्न साधा होता. विद्या म्हणाली, “रविवारी बोलू.” तिला आठवत होतं तेव्हापासून तिनं कोरा सोडलेला हा पहिला प्रश्न.

“रविवार तक मैं अम्मी से क्या बोलूँ?” मेहेकनं विचारलं. मग दप्तर उचलून ती गेली.

घरी आल्यावर विद्यानं ग्रिम्सबीला फोन लावला. अकरा वर्षांत फोनवर दोघी तीनदाच बोलल्या होत्या. बाईंचा आवाज खणखणीत होता. तब्येत बरी नसल्याचं काही जाणवत नव्हतं.

“पुस्तक पोचलं का? काचा धुरकट होतात ते या वेळी पहिल्याच पानावर घातलंय.”

“मॉरीन, तुम्ही चौदावा वापरला.”

“वापरला. दहा गुणांचं उत्तर होतं. दहा मी सहसा देत नाही.”

“तुम्ही पान जाळलं असं लिहिलं होतं.”

“पान जाळलंच. पण त्याआधी टाइप केलेलं होतं. माझ्याकडे सगळं टाइप होतं, विद्या, ती माझी बासष्ट वर्षांची सवय आहे.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. “मी देश बदलला. बाई बदलली. कुर्त्याचा कोट केला. याहून जास्त मी माझ्या सख्ख्या बहिणीसाठीही केलं नाही. तिचं सगळं मी १९७१ साली वापरलं. एकोणीस वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. पुस्तक अजून छापलं जातं.”

“तिच्या मुलीनं ते ओळखलं. माझ्या मैत्रिणीच्या.”

“मुलीपर्यंत पुस्तक कसं गेलं?”

विद्यानं फोन दुसऱ्या कानाला धरला.

“बरं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच विद्याला सहन होईना. “ऐक. माझ्या नऊ जणी आहेत. एक नैरोबीत, एक मनिलात, एक लिस्बनमध्ये. सगळ्या शिक्षिका, नाहीतर ग्रंथपाल. हे मी फार वर्षांपूर्वी शिकले. सहज विचारलं तर माणूस सावध होतं. क्रमांक घालून विचारलं तर शिक्षकाला जागा रिकामी सोडवत नाही. मग गुण दिले की तो स्वतःच्या घरातलं आणून देतो. एखादा प्रश्न रिकामा सोडला असतास तर मी काही मेले नसते. चौदावाही.”

“नऊ जणी,” विद्या म्हणाली.

“तू सगळ्यांत चांगली. हे खरं आहे.”

विद्यानं फोन ठेवला. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं जिला अकरा वर्षं वाटलं, तिचा गळा केसानं कापला गेला होता. आणि आणखी वाईट म्हणजे तो केस तिनंच दिला होता.

त्या संध्याकाळी तिनं चारुदत्तला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

“पोरीला सांग, योगायोग आहे,” तो शेवटी म्हणाला. “तीनशे पानांत एखादा ड्रॉवर जुळतोच. खैरुन्निसा काही इंग्रजी वाचत नाही.”

“म्हणूनच मी लिहिलं असेल,” विद्या म्हणाली.

“काय?”

“ती वाचणार नाही म्हणून. आता कळतंय.”

शुक्रवारी जुम्याच्या नमाजाला हारून मशिदीत गेला असेल अशी वेळ बघून ती गेली. रस्ते ओस होते. जिन्यातूनच मशीनचा आवाज येत होता. मेहेक तिच्या खोलीत होती. दार बंद होतं. खैरुन्निसा वांगी रंगाच्या रेशमी कापडावर झुकली होती. विद्याच्या भाच्याचं लग्न होतं जुलैत. हा तिचाच ब्लाउज.

“ये गो. अस्तर लावतेय. काल मेहेक जेवली नाही, तुमच्या शाळेत काय झालं काय?”

विद्यानं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. बाईंना लिहिलं ते, कंसातलं वाक्य, शेकोटी, पुस्तक, पान एकशे बेचाळीस, चोवीस इंचाची बाही. फसवलं गेल्याचं तिनं दोन-तीनदा म्हटलं. खैरुन्निसाचा पाय मशीनच्या पायट्यावर तसाच होता, पण मशीन थांबलं होतं.

“त्या बाईनं तुला फसवलं,” खैरुन्निसा म्हणाली.

“हो.”

“तिनं विचारलं काय होतं? माझं नाव घेऊन विचारलं?”

“नाही. बाई काय लपवू शकते, असं.”

“कितवा प्रश्न?”

“चौदावा.”

“किती होते?”

“वीस.”

“वीसच्या वीस सोडवलेस?”

विद्यानं होकारार्थी मान हलवली.

“मला विचारायला आली असतीस तर मी नाही म्हटलं असतं,” खैरुन्निसा म्हणाली. “ते तुला माहीत होतं. म्हणून आली नाहीस. त्या बाईला मी ओळखत नाही, विद्या. माझं तिच्याकडे काय येणं? मी सांगितलं होतं ते तुला.”

आतल्या खोलीचं दार किंचित उघडलं आणि पुन्हा लागलं. खैरुन्निसानं तिकडे पाहिलं.

“मेहेकशी मी बोलेन. आज, हारून यायच्या आधी. उबेदला फोनवर सांगायचं नाही. पंधरा दिवसांनी तिकीट आहे. दरवर्षी माप घ्यायला जाते, यंदा सांगायला जाईन. हारूनचं काय, ते त्याला विचारल्यावर कळेल. त्यानं शब्द पाळला वीस वर्षं.”

“मी येऊ का सोबत? मेहेकशी बोलताना?”

“नको.”

तिनं मशीनवरून वांगी कापड काढलं. सुई लावलेलं अस्तर उसवलं नाही, तसंच घडी घातलं आणि पिशवीत ठेवलं. मग कपाटातून मापांची वही काढली. विद्याचं पान शोधायला तिला वेळ लागला नाही. कडेला पट्टी लावून ते पान तिनं नीट फाडलं आणि पिशवीवर ठेवलं.

“समुद्राकाठच्या कोर्निश रस्त्याजवळ एक हैदराबादी मास्तर आहे, हात चांगला आहे. त्याला हे दाखव, म्हणजे पुन्हा माप द्यावं लागणार नाही.”

“खैरू.”

“जा आता. पोर वाट बघतेय.”

खाली गाडीत बसल्यावर विद्याच्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या. तिनं त्या पदरानं पुसल्या आणि पान उघडलं. वर तिचं नाव. खाली बारा वर्षांची मापं, एकाच पानावर. छत्तीस खोडून साडेछत्तीस, साडेछत्तीस खोडून अडतीस. दंड, खांदा, गळा. २०१९ची तारीख होती, आणि तिच्यापुढे एवढंच लिहिलं होतं: डावीकडे तीन पदर अस्तर. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.